‘चार म्हाताऱ्यांच्या गप्पा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीतल्या जुन्या लोकांना ऐकून मी लिहिलेल्या लेखावर तुमची निनावी प्रतिक्रिया आली : “ताई, चार म्हाताऱ्यांच्या गप्पा ऐकून भारावलात. त्यातल्या दोघांचं आपसातच जमत नव्हतं, हे तुम्हीच लिहिलंय. याला इतिहास म्हणत नाहीत. शिवाय अमेरिकेतल्या भानगडींशी आपला काय संबंध?”

लेख लांबला, हे कबूल. मुलाकडे आले की मला रिकामा वेळ फार. पण आधी ‘ताई’ म्हणायचं आणि लगेच टपली मारायची, ही तऱ्हा काही मला नवी नाही. त्या माणसांसमोर बसून तुम्ही त्यांना ‘चार म्हातारे’ म्हणाला असता? मला नाही वाटत.

आता ते ‘जमत नव्हतं’. १८ फेब्रुवारी १९६५च्या रात्री अलाबामातल्या मॅरियनमध्ये मोर्चा निघाला आणि रस्त्यावरचे दिवे गेले. ते प्रार्थनेला गुडघे टेकण्याआधी गेले की नंतर, एवढ्यावरून दोघांची जुंपली होती. दिवे गेले, पोलीस लाठ्या घेऊन तुटून पडले, बातमीदारांनाही मारलं, कॅमेऱ्यांवर रंग फवारला, यावर वाद नव्हता. मग पुराव्याला त्या रात्रीचे फोटो कुठून आणणार होतात?

त्याच रात्री एका कॅफेत आईला आणि आजोबांना वाचवायला धावलेल्या २६ वर्षांच्या जिमी ली जॅक्सनला राज्य पोलिसाची गोळी लागली. आठ दिवसांनी तो गेला. सेल्मा ते राज्याची राजधानी माँटगोमेरी मोर्चानं चालत जायचं, हे त्याच्या मरणातून ठरलं. ७ मार्चला सेल्माच्या एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी त्या मोर्चाला झोडपलं, ते त्यानंतरचं. गोळी घालणाऱ्यावर तेव्हा खटला उभा राहिला नाही. आरोप ठेवला गेला २००७ साली. २०१० मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला आणि शिक्षा झाली सहा महिन्यांची. मधली बेचाळीस वर्षं ती रात्र कुणी जपली होती? तुमच्या इतिहासानं की या गप्पांनी?

माझी उभी नोकरी कोर्टात साक्षीदारांच्या जबान्या टाइप करण्यात गेली. दोघे शब्दन् शब्द तेच बोलायला लागले की आमचे साहेब चष्म्यावरून बघायचे. पढवलेले साक्षीदार तसे बोलतात. डोळ्यांनी पाहिलेल्यांचं थोडं मागेपुढे होतंच. हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर माझा इलाज नाही.

संबंध विचारलात, तर जॉन लुईस, डायान नॅश या चळवळीतल्या तरुण नेत्यांना नॅशव्हिलमध्ये अहिंसेचं प्रशिक्षण देणारे जेम्स लॉसन त्याआधी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. बसमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची बातमी त्यांनी तिथल्याच पेपरात वाचली. बाकी तुमचं तुम्ही शोधा.

आणखी काही म्हणायचं असेल तर नावानिशी लिहा. निनावी जबानी मी आजवर टाइप केलेली नाही.