गालिचा नीट कुजवावा कसा

मुंबईत राहून लोकरीचा गालिचा घ्यायला धाडस लागतं, ते तुमच्याकडे आहेच. दुकानदाराने ‘हँडमेड, गालिच्यांच्या गावचा, भदोहीचा’ म्हटलं की पाठ उलटून बघू नये. गाठी मारलेल्या आहेत की लोकर टोचून मागे लेटेक्सच्या रबरी गोंदाने कापड चिकटवलंय, या चौकशा कद्रू माणसांच्या. घरी आणून तो थेट बाल्कनीच्या दाराशी अंथरावा.

मे महिन्यात गालिचा उन्हं दाखवून माळ्यावर टाकणारे काही लोक असतात. पावसाळाभर ते सतरंजीवर बसतात आणि ती भिजली तर पिळून दोरीवर टाकतात. असल्या घरात पाहुणे तरी काय म्हणून जातील?

बाल्कनीतलं पाणी जायच्या भोकावरची जाळी साफ करू नये. कुंडीतली माती, तुळशीची वाळकी पानं, कबुतराची दोन पिसं, सगळं साठू द्यावं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तुम्हाला एवढ्याची गरज नाही, तुंबलेल्या जाळीला एक बरी सर पुरते. तीही चुकली तर वॉशिंग मशीनचा पाइप आहेच, तो मोरीत नुसता टेकवून ठेवा. बांधला तर उडी कशी मारणार?

पाणी आलं की आधी व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाका. वरचे काका ‘आमच्याकडून नाही’ लिहितील, सेक्रेटरी अंगठा दाखवतील. घाईची मंडळी एवढ्यात टॉवेल दाबून पाणी टिपतात, गालिचा उचलून चार प्लास्टिकच्या खुर्च्यांवर टाकतात आणि वरून-खालून पंखा लावतात. बुरशीला बस्तान बसवायला २४ ते ४८ तास लागतात, तेवढीही उसंत त्या बिचारीला देत नाहीत.

तुम्ही वरून हात फिरवा आणि ‘वाळला की!’ म्हणा. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के दमटपणा पिऊनही हाताला कोरडीच लागते, त्यामुळे खोटं बोलल्याचं पापही नाही. सोफा हलवू नका. त्याच्या पायांचं पॉलिश उतरून चार तपकिरी ठिपके उमटतील, नक्षीत खपून जातात. वास आलाच तर उदबत्ती आहे.

पुढे गणपतीत मखराला जागा करताना गालिचा उचलावा लागेल. लोकर हातात येईल, पाठ लादीवरच राहील. ती खरवडायला स्वयंपाकघरातला कालथा चालतो, फक्त मोदकांच्या आधी धुऊन ठेवा.