मामीला चहा टाकायला लावणाऱ्यांनो

सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर फोटो पडला. मामांच्या कॉटभोवती पाच जण, त्यातला एक वाकून सेल्फी काढतोय, मधे मामा, डोळे अर्धे मिटलेले, गालाची हाडं वर आलेली, आणि खाली लिहिलंय "मामांना भेटून आलो, खूप बरं वाटलं", पुढे हात जोडलेले तीन इमोजी.

बरं वाटलं. कुणाला??

मी फोटो झूम करून बघितला. उजव्या कोपऱ्यात अर्धी मामी आहे. म्हणजे मामी नाहीच, हात आहे, हिरव्या बांगड्या आणि हातात ट्रे. पाच माणसं, पाच कप. मामीचा सहावा त्यात नव्हता हे मी पैजेवर सांगते.

ग्रुपवर काही बोलले नाही, तिथे सगळी मोठी माणसं, उगाच आईला बोलणी बसतील. म्हणून इथे लिहितेय. वाचायचं तर वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमचे मामा एसटीत कंडक्टर होते, कराड डेपोला. दिवाळीत डोळे पिवळे दिसले, सगळ्यांना वाटलं कावीळ, गावठी औषध झालं, मग सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन. स्वादुपिंडाचा कॅन्सर. तो अवयव पोटात इतका मागे लपलेला असतो म्हणे की कळतं तेव्हा बहुतेकदा उशीरच झालेला असतो, आणि मामांचा तर लिव्हरला पोचला होता. स्टेंट टाकला, दोन केमो झाल्या, तिसरी सोसेना. डॉक्टर चांगले होते, त्यांनी स्वच्छ सांगितलं, घरी न्या, दुखणार नाही एवढं आपण बघू. तेव्हापासून घरी. घरी म्हणजे मामी. मुलगा आखातात आहे, तो पैसे पाठवतो, रोज व्हिडिओ कॉल करतो, त्याला दोष देत नाही.

आता मला बोलायचा हक्क आहे का? नाही. कारण मी पहिल्यांदा गेले तेव्हा याहून वाईट वागले होते.

स्वारगेटहून बसले तेव्हापासून मनात घोकत होते, रडायचं नाही, नॉर्मल बोलायचं. शिरवळ गेलं, खंबाटकी गेला, साताऱ्याला चहा घेतला, घोकणं चालूच. आणि दारातून बघितलं तर मामांचं ते एचएमटीचं घड्याळ मनगटावरून सरकून कोपराजवळ गेलेलं. झालं. तशीच वळले, स्वयंपाकघरात गेले आणि मामीच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडले. मामी एका हाताने माझी पाठ थोपटत होती आणि दुसऱ्या हाताने तिने गॅस बारीक केला, दूध उतू चाललं होतं. म्हणाली, "रड पोरी, रड. पोहे खातीस का?"

आणि मी खाल्ले. वरून खोबरं कोथिंबीर घातलेले पोहे, चांगले बशीभर! रात्रभर जागलेल्या बाईने केलेले. तिचा स्वतःचा चहा खिडकीत होता, सकाळचा, त्यावर जाड साय धरली होती, साडेतीनला तिने तो मोरीत ओतला. मी बघत होते. तरी मला काही सुचलं नाही. परत येताना बसमध्ये मलाही "मामांना भेटले, हलकं वाटलं" असंच वाटत होतं. म्हणून तो फोटो इतका लागला असेल.

पण तरीही. मी निदान सल्ले दिले नव्हते. येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो, कुणी अंगारा, कुणी गव्हांकुराचा रस, कुणी "मुंबईला टाटाला दाखवलं का?" हो दाखवलं, दोनदा दाखवलं, तुम्ही नव्हतात तेव्हा. आणि कहर म्हणजे एक गृहस्थ, नात्यातलेच, गोळ्यांची पाकिटं उलटीपालटी करून म्हणाले, मॉर्फिन? म्हणजे अफूच की, सवय लागेल त्यांना. अहो सवय!! ज्या माणसाकडे किती आठवडे आहेत हे देव जाणे त्याला सवय लागेल याची काळजी? ती गोळी मिळवायला मामीने किती खेटे घातलेत, 1985 चा अंमली पदार्थांचा तो कायदा, 2014 ला तो सुधारला, तरी सगळ्या मेडिकलवाल्यांकडे ती नसतेच. दर चार तासांनी द्यायची, रात्री दोनलासुद्धा, आणि तिने पोट गच्च होतं म्हणून सोबत जुलाबाचं औषध. हे सगळं मामी बघते, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेनाने चौकोन आखून टिका करते. आणि हे गृहस्थ गेल्यावर तिने मला फोन करून विचारलं, "खरंच गं, मी काय चुकीचं तर देत नाही ना ह्यांना?" तेव्हा मला त्या माणसाचं तोंडच बघू नये असं झालं.

पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह सेंटर आहे, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी दुखणं कमी करून आराम देणारं, 1997 पासून, एक पैसा घेत नाहीत, पेशंटबरोबर घरचं माणूस राहतं आणि त्यालाच सगळं शिकवतात, कूस कशी बदलायची, तोंड कसं पुसायचं. मी म्हटलं होतं दहा दिवस आणूया, मामीलाही जरा सोबत होईल. तर म्हणे मरायला पाठवताय का? असं म्हणणारे कोण, तर तेच चहावाले पाहुणे.

बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते. दर दोन तासांनी म्हणजे किती हे जरा मोजा. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग, हल्ल्यानंतर बेशुद्धावस्थेत अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना तिथल्या नर्सेसनी 1973 पासून 2015 पर्यंत सांभाळलं, एक बेडसोअर होऊ दिला नाही, आपण सगळे कौतुकाने बोलतो त्याबद्दल. पण तिथे ड्यूट्या होत्या हो. एक दमली की दुसरी यायची. मामीची ड्यूटी कधी संपते?

बरं, लोक मायेने येतात हे मान्य. आणि मामांना माणसं आवडतात हेही खरं. परवा खोलीत सात-आठ जण जमले तेव्हा डोळे न उघडता पुटपुटले, "पुढं सरका, पुढं सरका, मागनं गाडी रिकामी येतीया." अर्ध्यांना कळलंच नाही. मामी पदर तोंडावर धरून हसली. किती दिवसांनी हसली असेल.

मला ते लहानपणापासून अर्धं तिकीट म्हणतात. मी मोठी झाले तरी अर्धं तिकीटच. मग 2023 ला बायकांना एसटीत निम्मं भाडं झालं तेव्हा त्यांनी मुद्दाम फोन केला होता, "बघ, सरकारनं पण मान्य केलं."

हे लिहिताना राग जरा उतरला.

दुसऱ्या वेळी गेले तेव्हा ठरवून गेले. "काही लागलं तर सांग हं" हे वाक्य बोलायचंच नाही. मामी काय सांगणार? पोरी माझी दोन तासांची झोप लागते ती आणून दे? मी सरळ ओढणी खोचली, म्हटलं मी बसते मामांजवळ, तू डोक्यावरून आंघोळ करून ये. ती नको नको म्हणत गेली आणि पाऊण तास आली नाही. मला भीतीच वाटली. दार वाजवलं तर म्हणाली, "आले गं, नळ सोडून बसले होते जरा." आंघोळ तर झाली होती कधीच.

त्या पाऊण तासात मी आणि मामा. मला वाटलेलं आता काय बोलू, धीर कसा देऊ. त्यांनीच विचारलं, कुठल्या डेपोची गाडी होती? सीट कशी होती? खंबाटक्याला थांबली का? मी सगळं सांगितलं, अगदी ड्रायव्हरने कट मारला ते सुद्धा. रडू आलं तेव्हा खिडकीकडे बघितलं, त्यांनी पण बघितलं नाहीसं केलं. हाक मारायची ताकद नाही म्हणून त्यांच्या उशाला स्टीलचा चमचा असतो, कॉटच्या दांडीवर एक टोला म्हणजे मामीने यायचं, दोन टोले म्हणजे काही नाही, जा, झोप. कंडक्टरचीच पद्धत, सिंगल बेल थांबा, डबल बेल चला.

मामी रात्री दोनला सिंगल ऐकते. कधी कधी न वाजताच ऐकते म्हणते.

पाहुण्यांना चहा न पाजता पाठवणं मामीलाच जमत नाही, हेही मला माहितेय. कुणी नको म्हटलं की तिलाच वाईट वाटतं. त्यामुळे या फोटोवाल्यांनी नको म्हटलं असेलही, मला काय माहीत. पण पाचही जणांनी? आणि कप कुणी विसळले?

त्या दिवशी निघताना मी दारात उभी राहिले. पाय निघेना. सहाची गाडी होती. मामी म्हणाली जा पोरी, अंधार होईल, तरी मी चप्पल घालतेय, काढतेय. आतून आवाज आला. टण. आणि मग बराच वेळ काही नाही, मामी पदर सावरून आत वळली सुद्धा, तेवढ्यात दुसरा, टण.

कराड स्टँडवर बाकड्यावर बसून जे काय रडायचं ते रडले. शेजारच्या आजींनी न विचारता हातावर बडीशेप ठेवली.

शनिवारी परत चाललेय. मामीने मागवलंय ते घेतलं, मोठ्या माणसांचे डायपर लार्ज साइज, ग्लिसरीन, स्पंजचे दोन तुकडे. आणि दोन लिटरचा थर्मास घेतलाय, सातारा स्टँडवर भरून घेणार. दूधवाला, आलं घातलेला. मामी चिडणार आहे, माहितेय मला.