‘रेडिएटर नवा, तरी सिग्नलला काटा २२५ वर’: ग्राहकाच्या तक्रारीला गॅरेजचं उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय मराठीत आहे, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस, ४५४ घनइंचांचं ‘बिग ब्लॉक’ व्ही-८ इंजिन, तापते म्हणून आमच्याकडे दिली. नवा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर बसला, तरी फिनिक्सच्या भर दुपारी एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की काटा २२५ अंश फॅरनहाइटवर जातो. शिवाय क्रोमचा फॅन आम्ही न विचारता काढला, आधीच्या मेकॅनिकने काढून टाकलेला थर्मोस्टॅट परत घातला, आणि कूलिंगशी संबंध नसलेल्या इग्निशन टायमिंगचे पैसे लावले.

यातल्या दोन गोष्टींत चूक आमची आहे. गाडीची चाचणी आम्ही सकाळी आठला, एसी बंद ठेवून घेतली. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो. तो स्वतःची उष्णता त्याच हवेत सोडतो आणि वाराही अडवतो. ११० अंशांच्या दुपारी एसी लावून, गाडी ‘ड्राइव्ह’मध्ये ठेवून वीस मिनिटं उभी करायला हवी होती. ते न करता ‘काम झालं’ म्हणणं बरोबर नव्हतं. फॅन काढण्याआधी फोन करायला हवा होता, तोही केला नाही. दोन्हींबद्दल माफी मागतो.

बाकीच्या मुद्द्यांवर मात्र आमचं काम बरोबर होतं असं माझं ठाम मत आहे. त्याचा पुरावा तुमच्याच एका वाक्यात आहे. तुम्ही लिहिलंय की हायवेला ६५ मैलांच्या वेगात काटा १८५ वर स्थिर असतो, आणि फ्लॅगस्टाफच्या वाटेवर सनसेट पॉइंटचा चढ चढतानाही २०० च्या पुढे गेला नाही. चढावर हे इंजिन उभ्या गाडीच्या कितीतरी पट उष्णता पाण्यात टाकतं. ती सगळी रेडिएटर बाहेर फेकतोय, म्हणजे रेडिएटर पुरेसा आहे, पंप पाणी फिरवतोय, खालचा होज पाइप ओढीने आत चेपत नाहीये. हायवेला तापणारी गाडी पाण्याच्या बाजूने तपासायची, सिग्नलला तापणारी गाडी हवेच्या आणि टायमिंगच्या बाजूने. तुमची दुसऱ्या प्रकारची आहे.

म्हणूनच टायमिंगला हात घातला. गाडी आली तेव्हा आयडलिंगला इनिशियल टायमिंग (पिस्टन वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते) फक्त ४ अंश होतं आणि इंजिनच्या ओढीने ठिणगी आणखी आधी पाडणाऱ्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी कार्ब्युरेटरच्या पोर्टेड तोंडाला होती, म्हणजे थ्रॉटल बंद असताना अ‍ॅडव्हान्स शून्य. आयडलिंगला सिलिंडरमध्ये ताजं मिश्रण थोडं असतं आणि त्यात जळालेला वायू मिसळलेला असतो, त्यामुळे ते सावकाश जळतं. ठिणगी उशिरा पडली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळणं संपलेलं नसतं. ती आग एक्झॉस्ट पोर्टमधून बाहेर पडते, आणि पोर्टच्या भोवती पाण्याचं जॅकेट आहे. इंजिन काही काम करत नसताना पाणी तापतं ते यामुळे. १९७० साली प्रदूषण कमी करण्यासाठी शेव्हरोलेने खालच्या गिअरमध्ये व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स बंद ठेवणारी यंत्रणा दिली होती. त्याच यंत्रणेत इंजिन फार तापलं तर अ‍ॅडव्हान्स परत चालू करणारा तापमानाचा स्विचही होता. टायमिंगचा आणि तापण्याचा संबंध कंपनीने तेव्हाच मान्य केला होता.

आता तुमचं इनिशियल १४ अंश आहे, वेगाबरोबर वाढणारे मेकॅनिकल अंश धरून ३,००० आरपीएमला एकूण ३६. व्हॅक्यूमची नळी थेट मॅनिफोल्डला आहे आणि आयडलिंगला ती आणखी १२ अंश देते. तुमचा कॅमशाफ्ट मूळचा नाही, आयडल व्हॅक्यूम १३ इंच (पाऱ्याचे) आहे. जुन्या कॅनिस्टरला (व्हॅक्यूमने ओढली जाणारी डबी) पूर्ण ओढायला १५ इंच लागत होते, म्हणजे तो आयडलिंगला अर्धवट ओढून थरथरत राहिला असता. कॅनिस्टर नेहमी आयडल व्हॅक्यूमपेक्षा किमान २ इंच कमीवर पूर्ण ओढला जाणारा हवा. बिलातला ‘कॅनिस्टर’ तो हाच. हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर खडखड ऐकू आली तर लगेच सांगा, व्हॅक्यूमचे अंश कमी करता येतात. ९१ ऑक्टेनवर अजून तरी ऐकू आलेली नाही.

फॅनबद्दल. क्रोमचा फॅन दिसायला सुरेख होता, पण तो रेडिएटरपासून ३ इंच लांब आणि श्राउडशिवाय (फॅनभोवतीच्या कवचाशिवाय) फिरत होता. श्राउड नसला की फॅन फक्त त्याच्या समोरच्या गोल भागातून हवा ओढतो. चारही कोपरे मरतात, आणि पात्यांच्या टोकावरून गरम हवा वळून पुन्हा पुढे येते. गाडी धावताना हे जाणवत नाही, उभी राहिली की जाणवतं. त्या फॅनच्या दोन पात्यांना मुळाशी केसाएवढ्या चिराही होत्या. तो फ्लेक्स फॅन, म्हणजे लवचिक पात्यांचा. त्याचं पातं वेगात सपाट होतं, पुन्हा वळतं. असं वर्षानुवर्षं झालं की धातू थकतो. तुटलेलं पातं बॉनेट फाडून बाहेर येऊ शकतं. फॅन जपून ठेवलाय, घेऊन जा, पण भिंतीवर लावा, इंजिनवर नको.

त्याच्या जागी सात पात्यांचा फॅन, थर्मल क्लच (गरम हवा लागली की फॅनला पकडणारा) आणि पूर्ण श्राउड आहे. पात्यांची निम्मी रुंदी श्राउडच्या आत, निम्मी बाहेर. आमचा अंदाज कमी पडला तो क्लचमध्ये. साधा थर्मल क्लच पूर्ण पकडला तरी पंपाच्या साधारण ६० ते ७० टक्के वेगानेच फॅन फिरवतो. एसी असलेल्या बिग ब्लॉकला या शहरात हेवी ड्यूटी क्लच हवा, तो ७० ते ९० टक्क्यांपर्यंत नेतो. तो आम्ही आमच्या खर्चाने बसवू. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली बाजूची फट रबरी पट्टीने बंद करू, म्हणजे हवा पळवाट काढणार नाही. एसी लागल्यावर ‘ड्राइव्ह’मध्ये तुमचं आयडल ६०० पर्यंत खाली येतं. ते सोलेनॉइडने ७५० वर धरू. फॅन आणि पंप दोन्ही इंजिनच्या पट्ट्यावरच फिरतात, म्हणजे आयडल वाढलं की तेही वेगाने फिरतात.

इलेक्ट्रिक फॅन का नाही, असंही तुम्ही विचारलंय. दोन मोठे फॅन मिळून सहज ५० अँपिअर घेतात आणि तुमचा अल्टरनेटर मूळचा ३७ चा आहे. आधी तो आणि वायरिंग बदलावं लागेल. गरज नसताना तो खर्च मी सुचवणार नाही.

थर्मोस्टॅट १८० चा आहे आणि तो राहू द्या. तो इंजिनचं किमान तापमान ठरवतो, कमाल नाही. एकदा पूर्ण उघडला की १६० चा काय आणि १८० चा काय, तापमान रेडिएटर आणि हवाच ठरवतात. काढून टाकल्याने मात्र नुकसान होतं: पंपाने ब्लॉकमध्ये तयार केलेला दाब उतरतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास वाफेचे बुडबुडे धरतात.

२२५ हा आकडा मला मान्य नाही, पण त्याने इंजिन उकळत नाहीये हेही सांगतो. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी आणि १५ पौंड दाबाची रेडिएटर कॅप यांवर उकळबिंदू २६५ च्या आसपास असतो. फिनिक्समध्ये पाणी जास्त ठेवलं असतं तर उष्णता आणखी चांगली वाहून नेली असती, पण तुम्ही हिवाळ्यात फ्लॅगस्टाफला जाता, म्हणून निम्मं-निम्मंच ठेवलंय.

दुसऱ्या एका ठिकाणी तुम्हाला ‘हेड उघडा, गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली सीलची पत्री) उलटं बसलं असेल’ असं सांगितलंय. या जुन्या बिग ब्लॉकमध्ये तसं खरंच होतं. पाणी ब्लॉकमधून मागे जाऊन तिथून हेडमध्ये चढायला हवं. गॅस्केटची पुढची बाजू मागे गेली तर पाणी पुढूनच वर चढतं आणि मागचे सिलिंडर तापतात. पण मग तुमचा काटा चढावर २०० ला थांबला नसता. तरीही आधी स्वस्तातल्या दोन तपासण्या करू. गरम इंजिनवर इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक हेडचं पुढचं आणि मागचं टोक मोजू, आणि रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची चाचणी घेऊ. जळालेला वायू पाण्यात येत असेल तर द्रव पिवळा पडतो. दोन्ही ठीक निघाल्या तर हेडला हात लावू देऊ नका.

गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, म्हणजे इंजिन पूर्ण थंड मिळेल. काम सकाळी होईल, चाचणी दुपारी दोनला, एसी पूर्ण लावून, तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले असताना. काटा २१० च्या वर गेला तर गाडी आमच्याकडेच राहील आणि पुढच्या कामाचे पैसे लागणार नाहीत. तोपर्यंत सिग्नलला २२० दिसले तर एसी बंद करा, न्यूट्रलमध्ये घेऊन १,५०० आरपीएमवर धरा, हीटर पूर्ण चालू करा, आणि इंजिन गरम असेपर्यंत कॅपला हात लावू नका.