ताई, मीटरवरच्या त्या ८४० बद्दल

ताई, नमस्कार.

ले-आऊटच्या नळाला येणाऱ्या जड पाण्यावर मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच झाडलंय. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: 'जड पाणी प्यायला चालतं' हे लिहिणं बेजबाबदारपणाचं आहे, तुमच्या ओळीतल्या तीन घरांत मुतखडा निघालाय, आरओवाल्या पोरानं नळाच्या पाण्यात क्षार मोजायचा मीटर बुडवला तर ८४० आलं, आणि शेवटी टोला, की 'कूलर-गिझर दुरुस्तीवाल्याला जड पाणी गोडच लागणार'.

टोल्यापासूनच सुरू करतो. माझं दुकान जड पाण्यावर चालतं, यात वाद नाही. उन्हाळ्यात 'मोटर जळाली' म्हणून कूलर येतो आणि खोललं की मोटर धडधाकट, पण पंपाची जाळी पांढऱ्या खड्यांनी गच्च. बाजूच्या गवती ताट्या हातात घेतल्या की पापडासारख्या मोडतात. तुमचंच ८४० घ्या. म्हणजे लिटरमागे साधारण ८४० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. आपल्या मे महिन्यात कूलरमधून दिवसाला ५० लिटर पाणी उडालं असं धरा. पाणी उडतं, क्षार तिथेच राहतात. महिनाभरात किलोभर तरी क्षार टाकीत आणि ताट्यांवर बसले. लोक वरून बादली ओतत राहतात, त्यामुळे टाकीतलं पाणी दर दिवशी आणखी जड होत जातं. दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करून ताजं पाणी भरा, ताट्या दुप्पट टिकतील. हे सांगून मी माझंच गिऱ्हाईक तोडतोय, हेही लिहून ठेवा.

आता त्या मीटरचं. तो पाण्यातून वीज किती सहज जाते तेवढं मोजतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. कोणता क्षार, हे त्याच्या बापालाही कळत नाही. तुमच्या ८४० मध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असेल तर पाणी जड. साधं मीठ जास्त असेल तर पाणी मचूळ लागेल, पण साबणाला फेस बरा येईल. मीटरवर दोन्ही सारखेच. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे (१०५००, सन २०१२), त्यात एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतात. जडपणाला हेच आकडे २०० आणि ६०० आहेत. म्हणजे ८४० बघून त्या पोरानं जो चेहरा केला असेल, तेवढं घाबरायचं कारण त्या आकड्यात नाही.

घाबरायचं कारण वेगळ्याच ठिकाणी असू शकतं, आणि माझं खरं म्हणणं हेच आहे. नायट्रेटची मर्यादा ४५ आहे, तिथे 'दुसरी सोय नसेल तर' ही सवलतच नाही. ते येतं शेतातल्या युरियातून, उकिरड्यातून, संडासाच्या शोषखड्ड्यातून. चव नाही, वास नाही, भांड्यावर डाग नाही. बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या लेकराला ते सगळ्यात वाईट, आणि पाणी उकळलं तर कमी होत नाही, उलट वाढतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटनं जास्त बाधित जिल्ह्यांमध्ये वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ ही आपलीच नावं आहेत. यवतमाळ-चंद्रपूरकडे त्यात फ्लोराइडची भर. तुमच्या ८४० मध्ये नायट्रेट १० आहे की १००, हे मीटर कधीच सांगणार नाही. जड पाणी निदान बादलीवर आपली सही तरी करून जातं.

मुतखड्याबद्दल मी डॉक्टर नाही, तरी जे माहीत आहे ते सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं पाण्याच्या जडपणासाठी आरोग्याच्या कारणानं मर्यादा घातलेली नाही. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात म्हणून लोक थेट पाण्यातल्या चुन्याला धरतात. पण पोटातलं कॅल्शियम अन्नातून येणाऱ्या ऑक्झलेटला तिथल्या तिथे बांधतं आणि बरंचसं बाहेर नेतं. दोष जास्त करून कमी पाणी पिण्याचा. पंचेचाळीस अंशात दिवसभर वावरात घाम गाळायचा आणि तांब्याभर पाण्यावर काढायचा, मग लघवी घट्ट होणारच. बोअरचं पाणी बेचव लागतं म्हणून माणूस कमी पीत असेल, तर त्या वाटेनं पाणी दोषी आहे, हे मी मान्य करतो. मग चवीसाठी घ्या ना आरओ, माझी ना नाही.

खारपाणपट्ट्याची गोष्ट निराळी. पूर्णेच्या काठची अकोला, अमरावती, बुलढाण्यातली ती गावं. तिथलं पाणी नुसतं जड नाही, खारं आहे, आणि किडनीच्या तक्रारी तिथले लोक वर्षानुवर्षं करताहेत. वान, शहानूर धरणांचं पाणी पाइपनं त्या भागात न्यावं लागलं ते उगाच नाही. ते बोअर प्या, असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

घरातलं बाकीचं पटकन. केस राठ होतात ते साबणाच्या चिकट साक्यानं. शाम्पूचा तसा साका होत नाही. तुरीची डाळ शिजत नसेल तर आरओचं पाणी तिच्यात घाला, भिजवायलाही तेच. चिमूटभर सोड्यानं डाळ गळते, पण जीवनसत्त्वही जातं. पाण्यात तुरटी फिरवून जडपणा जात नाही, गाळ बसतो फक्त. आणि हात जोडून एक विनंती: पाणी तापवायचा रॉड संडासाच्या ॲसिडमध्ये बुडवू नका. चुन्याबरोबर वरचं कवचही खाल्लं जातं आणि पुढच्या वेळी बादलीत करंट उतरतो. प्लग काढून लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात ठेवा, तास-दोन तासात थर सुटतो. गिझर ५०-५५ च्या वर ठेवू नका, पाणी जितकं तापेल तितका चुना जास्त बसतो.

आरओ घेण्याआधी एक काम करा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला गाठा, किंवा स्वतः नमुना घेऊन भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. बाटली आणि नमुना कसा घ्यायचा ते तिथेच विचारून घ्या, कोल्ड्रिंकची धुतलेली बाटली नेऊ नका. अर्जात जडपणा, नायट्रेट, फ्लोराइड, क्लोराइड ही चारही नावं लिहा, नाहीतर नुसतं 'पिण्यायोग्य' असा शेरा हाती पडतो. नायट्रेट किंवा फ्लोराइड मर्यादेच्या वर निघालं तर प्यायला-रांधायला आरओ घ्याच. त्याचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला वापरा, कुंड्यांना नको.

रिपोर्ट आला की आकडे इथेच टाका. तुमच्या ओळीतल्या बाकी घरांचाही बोअर तोच असेल, तर त्यांच्याही कामाला येतील.