आधी अकरा महिने

आमच्या इमारतीत पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांमधल्या वळणावर गेल्या दिवाळीपासून प्लॅस्टिकचे एक स्टूल ठेवलेले आहे. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी ते माझ्या यजमानांसाठी ठेवले, कारण त्यांच्या गुडघ्यांना आता तीन मजले एका दमात चढवत नाहीत. पुण्यातल्या कोथरूडमध्ये १९८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या अनेक सोसायट्यांप्रमाणे आमच्या इमारतीलाही लिफ्ट नाही. मी वर कठड्यापाशी उभी राहून त्यांची पावले ऐकत असते. ते स्टुलावर बसले की आवाज थांबतो, काही वेळाने भाजीची पिशवी उचलल्याची सळसळ ऐकू येते आणि मग मी चहाचे आधण ठेवते. हे थांबणे दोन मिनिटांवरून पाच मिनिटांवर गेले, तेव्हा आम्ही ज्येष्ठांसाठीच्या निवासी संकुलांची चौकशी सुरू केली.

नातेवाइकांच्या कानावर घातले, तेव्हा पहिला प्रश्न आला, "मुलगा काही बोलला का?" पाषाण, बाणेर, बावधन, हडपसर या भागांत अशी संकुले कितीतरी वर्षांपासून आहेत, 'अथश्री' हे नाव तर पुण्यात घरोघरी माहीत आहे, तरीही आपल्या मनात 'वृद्धाश्रम' हा एकच शब्द असतो आणि त्याच्यामागे मुलांनी टाकून दिल्याची कथा असते. मला याचे फार वाईट वाटते. आमचा मुलगा बंगळुरूला आहे, मुलगी परदेशात आहे आणि दोघांचाही रोज फोन येतो. त्यांच्यावर हा ठपका येऊ नये, म्हणून तरी हा निर्णय आमचा आहे, हे मी येथे स्पष्टपणे लिहीत आहे.

एका संकुलाच्या अतिथी कक्षात आम्ही आठ दिवस राहून आलो. दारे रुंद, कुठेही उंबरा नाही, न्हाणीघरात धरायला दांडे, पलंगाशेजारी मदतीची घंटा, अशी सोय तिथे होती. ज्येष्ठांसाठी म्हणून जाहीर केलेल्या प्रकल्पांमध्ये अशा किमान सुविधा असाव्यात, असे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या महारेराने २०२४ मध्ये विकासकांना घालून दिले आहे, आणि ते फार चांगले झाले. दुपारी साडेबाराला भोजनगृहात गरम पोळी मिळे आणि संध्याकाळी यजमान कॅरम खेळत. त्यांना इतके मोकळे हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिले.

पाचव्या दिवशी न्याहारीच्या वेळी एक काकू शेजारी बसल्या. त्यांच्या यजमानांचे खुब्याचे हाड मोडले होते आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांना उठवायला दोन माणसे लागत होती. व्यवस्थापकांनी अत्यंत नम्रपणे करारातले कलम दाखवले होते: रहिवासी स्वतःचे नित्यकर्म स्वतः करू शकणारा असावा, तसे नसेल, तर स्वखर्चाने माणूस ठेवावा किंवा अन्यत्र सोय पाहावी. काकूंपुढचा उपमा निवून गेला होता आणि त्या वहीच्या मागच्या पानावर दिवसपाळी आणि रातपाळी अशा दोन मावश्यांच्या महिन्याच्या पगाराची बेरीज करत होत्या. ज्या दिवसाच्या भीतीने माणूस आपले घर सोडून तिथे जातो, नेमका तोच दिवस करारातून वगळलेला असतो, हे मला तिथे कळले.

त्यानंतर पाहिलेल्या प्रत्येक ठिकाणी मी हाच प्रश्न आधी विचारला: आमच्यापैकी एकजण बिछान्याला खिळला, तर तुम्ही काय कराल? "बघू या ना, काहीतरी व्यवस्था होतेच," असे उत्तर आले की मी माहितीपत्रक मिटून ठेवत असे. पैशांचे प्रश्नही आहेतच. काही ठिकाणी घर मालकीचे होते, पण तिथे ठरावीक वयापुढच्या माणसांनीच राहायचे असते, त्यामुळे वारसाने ते मुलांकडे गेले तरी त्यांना राहता येईलच असे नाही. काही ठिकाणी मोठी अनामत भरायची असते. मालकी मिळत नाही आणि सोडून जाताना किती रक्कम परत मिळेल आणि केव्हा, हे करारात शोधावे लागते. बिल्डर बाहेर पडल्यावर स्वयंपाकघर कोण चालवणार, हेही विचारून घ्यावे. जुने घर विकले, तर भांडवली नफ्यावरचा कर वाचवण्यासाठी साधारणपणे दोन वर्षांत दुसरे घर विकत घ्यावे लागते. म्हणून मला वाटते की राहून पाहिल्याशिवाय जुने घर विकूच नये, कारण एकदा ते विकले की घाईघाईने निवड होते.

एका रात्री मी यजमानांना विचारले, "आपल्यापैकी मागे कोण राहील, याचा विचार केला आहे का तुम्ही?" बेचाळीस वर्षांच्या संसारात हा विषय आम्ही कधी काढला नव्हता. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी मागे राहिलो, तर मला कुठेही चालेल. तू राहिलीस, तर या तिसऱ्या मजल्यावर एकटी नको." मी त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहे. आमचा निर्णय खरे म्हणजे त्याच रात्री झाला.

शेवटी ज्या संकुलाच्या आवारातच शुश्रूषा विभाग आहे आणि ज्यांनी त्याचे दर लेखी दिले, तिथल्या एका मालकाकडून आम्ही अकरा महिन्यांसाठी घर भाड्याने घेतले आहे. भाडेकराराच्या नोंदणीसाठी एजंट यंत्र घेऊन घरी आला, तेव्हा यजमानांचा अंगठा तीनदा उमटला नाही, कारण वयामुळे रेषा पुसट झाल्या आहेत. त्यांनी कोमट पाण्याने हात धुतले, पंच्याने नीट कोरडे केले आणि चौथ्यांदा तो उमटला.

इथले घर तूर्त कुलूप लावून ठेवत आहोत आणि किल्ली वहिनींकडे देणार आहोत. स्टूल मात्र जागेवरून हलवू नका, असे मी त्यांना सांगितले आहे. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबाही हल्ली तिथे बसतात.