'एसी केबिन'वाल्या प्रतिक्रियेला उत्तर

सुपरवायझरच्या थकव्याचा टीमवर काय परिणाम होतो, यावर मी मागे लिहिलं होतं. त्यावर 'जुना वाचक' या नावाने एक प्रतिक्रिया आली: "मॅडम, एसी केबिनमध्ये बसून श्वास मोजायला सांगणं सोपं असतं. लाइनवर माणसं कमी, कंत्राटी पोरांना डबल शिफ्ट, आणि तुम्ही सुपरवायझरला मन शांत ठेवायला सांगताय. लोखंड्यांनी मिळवून दिलेला रविवारही तुमच्या शिबिरात जातो. मॅनेजमेंटला हवं तेच तुम्ही गोड करून सांगता."

उत्तर देणार नव्हते. पण त्यातलं पहिलं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४९ प्रमाणे ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमावाच लागायचा. भोसरीतल्या एका कारखान्यात मी त्या पदावर नोकरी केली. माझं टेबल टाइम ऑफिसच्या मागे, कँटीनच्या भिंतीला लागून होतं. एसी नव्हता. मे महिन्यात प्रेस शॉपची, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या यंत्रांच्या विभागाची, धग तिथपर्यंत यायची आणि प्रेसच्या ठोक्यांनी फोनवरचं बोलणं ऐकू यायचं नाही. थर्ड शिफ्टच्या पोरांना रात्री कँटीनमध्ये गार डाळ मिळायची, म्हणून ठेकेदाराशी भांडले ती मी. प्रेसमध्ये बोट गेलेल्या ऑपरेटरबरोबर हॉस्पिटलमध्ये बसले ती मी, आणि त्याच्या बायकोला फोनही मीच केला. त्या बाईने पहिला प्रश्न विचारला तो, नोकरी राहील का, हा. हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. पण माहीत नसताना माणूस कुठे बसला होता ते ठरवून टाकायचं, आणि वर 'मॅडम' म्हणायचं, याला टीका म्हणत नाहीत. माझ्या लेखात चूक असेल तर ती दाखवा. माझी खुर्ची कशाला काढता?

आता श्वासाबद्दल. लेख पुन्हा उघडून बघा. श्वासाचा उल्लेख एका ओळीत आहे. बाकीचा लेख शिफ्ट बदलतानाच्या हॅन्डओव्हरबद्दल, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवण्याबद्दल आहे, सुपरवायझरला बसून जेवायला वेळ मिळण्याबद्दल आहे, रात्रपाळी केलेल्या माणसाला सकाळच्या मीटिंगसाठी थांबवून न ठेवण्याबद्दल आहे. त्या एका ओळीवरून तुम्ही सगळ्या लेखाचा निकाल लावलात.

ज्या प्रसंगामुळे मी या विषयाकडे वळले तो लेखात नव्हता, इथे सांगते. सेकंड शिफ्टला एका प्रेसवर डाय, म्हणजे साचा, किंचित सरकली आणि जॉबला, म्हणजे तयार होणाऱ्या भागाला, कडेने बर (धातूची खरखरीत कड) यायला लागली. ऑपरेटरच्या ते लक्षात आलं होतं. तो बोलला नाही, कारण बोललं की सुपरवायझर सगळ्यांसमोर आईबापावरून बोलायचा. माल पुढच्या शिफ्टकडे गेला, तिथून ग्राहकाकडे, आणि आख्खा लॉट परत आला. मेमो ऑपरेटरला मिळाला. सुपरवायझर मुळात वाईट माणूस नव्हता. रिलीव्हर, म्हणजे त्याच्या जागी येणारा माणूस, न आल्यामुळे तो सलग पाळ्या करत होता, घरी मुलगी आजारी होती, आणि त्याला झोप नव्हती. होय, माणसं कमी होती. ते मी नाकारत नाही, कारण ते मी तिथे उभं राहून बघितलंय. पण माणसं कमी असतानाही दुसऱ्या लाइनवरचा सुपरवायझर ओरडत नव्हता, आणि त्याच्याकडे पोरं स्वतःहून येऊन "साहेब, जॉब बघा जरा" म्हणायची. हा फरक मला दिसला, आणि तो फरक सोडून देऊन सगळं भरतीवर ढकलायला मी तयार नाही.

एमी एडमंडसन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या टीम तपासल्या. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले: चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त. तिथली माणसं चूक लपवत नव्हती, हे त्यामागचं कारण निघालं. पुढे १९९९ च्या निबंधात त्यांनी हाच धागा एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीममध्ये तपासला. म्हणजे हा विषय केबिनमधून निघालेला नाही, कारखान्यातच तपासलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद केली ती कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ नीट न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. तुम्ही याला गोड बोलणं म्हणता. प्रेससमोर झोप नसलेला माणूस उभा असतो तेव्हा यात गोड काय आहे, मला कळत नाही.

रविवारचं म्हणाल तर मान्य. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० मध्ये गिरणी कामगारांना मिळवून दिलेली सुट्टी प्रशिक्षणात घालवणं योग्य नाही. शिबिर कामाच्या वेळेत आणि भरपगारी असायला हवं, आणि पुढचं तसंच ठेवायला मी कळवलं आहे. मात्र भोसरी पट्ट्यात कित्येक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते, हे लाइनवरच्या माणसाला सांगावं लागत नाही. मला लाइन माहीत नाही असं म्हणणाऱ्याने एवढं लक्षात घ्यायला हवं होतं.

कंत्राटी कामगार आणि डबल शिफ्ट हा मोठा विषय आहे. तो माझ्या लेखाचा नव्हता. त्यासाठी युनियन आहेत, कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. भरती किती करायची हे लाइनचा सुपरवायझर ठरवत नाही, आणि मी लिहिलं होतं ते त्याच्यासाठी. त्याच्या हातात जेवढं आहे तेवढ्याबद्दल.

मॅनेजमेंटबद्दलच्या शेवटच्या वाक्याला उत्तर देत नाही. ज्यांनी माझ्याबरोबर काम केलं त्यांना ते वाचून काय वाटलं, ते त्यांनी मला फोन करून सांगितलं आहे.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहिणार असाल तर हॅन्डओव्हरबद्दल लिहा. माझं म्हणणं असं की शिफ्ट बदलताना दोन्ही सुपरवायझर मशीनसमोर एकत्र उभे राहिले पाहिजेत, आणि ती वेळ दोघांच्याही पगारात धरली पाहिजे. ते चुकीचं वाटत असेल तर कुठे चुकतं ते सांगा. त्यावर हवा तेवढा वाद घालायला मी तयार आहे.