क्विन्सी जोन्सला न केलेल्या कामाचं श्रेय

'मायकल जॅक्सननं क्विन्सी जोन्सला उजेडात आणलं. त्याआधी तो फ्रँक सिनात्रासारख्या गायकांच्या मागे वाद्यं बसवणारा साधा अरेंजर होता. संगीत कुठेही न शिकता त्यानं मायकलच्या 'थ्रिलर' अल्बमची सगळी गाणी रचली.' नोव्हेंबर २०२४मध्ये क्विन्सी हा अमेरिकन संगीतकार आणि निर्माता गेला, तेव्हापासून हा मजकूर थोड्याफार फरकानं फिरतोय. हेतू कौतुकाचा आहे, पण जे त्यानं केलं नाही ते त्याच्या पदरात घातलंय आणि जे केलं त्याला 'साधं' म्हटलंय.

आधी उजेडाचं बघू. 'द विझ' या १९७८च्या सिनेमात मायकल बुजगावणं झाला होता आणि संगीताची बाजू क्विन्सीकडे होती. दोघांचं काम जुळलं ते तिथे. तेव्हा क्विन्सी होता पंचेचाळीस वर्षांचा. १९६३मध्ये सोळा वर्षांच्या लेस्ली गोरकडून त्यानं गाऊन घेतलेलं 'इट्स माय पार्टी' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. त्याच सुमारास तो मर्क्युरी रेकॉर्ड्सचा उपाध्यक्ष झाला. गोऱ्यांच्या मालकीच्या कंपनीत कृष्णवर्णीय माणसाला त्या काळी अशी खुर्ची क्वचितच मिळे. 'इन द हीट ऑफ द नाइट' आणि 'इन कोल्ड ब्लड' या दोन्ही सिनेमांचं संगीत १९६७चं. हा अंधार असेल तर उजेड कशाला म्हणायचं? हां, 'ऑफ द वॉल' या मायकलच्या अल्बमच्या वेळी रेकॉर्ड कंपनीतल्या लोकांना निर्माता म्हणून हा जॅझवाला नको होता आणि मायकल हटून बसला, तेवढं श्रेय मायकलचं.

शिक्षणाबद्दल फार लिहायला नको. १९५७मध्ये तो पॅरिसला नादिया बुलांजे या संगीतशिक्षिकेकडे रचना शिकायला गेला. अमेरिकन संगीतकार ॲरन कोपलंड त्यांचाच विद्यार्थी.

आता थ्रिलर. गाणी एकूण नऊ. 'बिली जीन' आणि 'बीट इट' धरून चार मायकलची. खुद्द 'थ्रिलर' हे गाणं आणि आणखी दोन रॉड टेम्परटन या इंग्रज माणसाची. 'ह्यूमन नेचर' स्टीव्ह पोर्कारो आणि जॉन बेटिस यांचं. उरलं 'पी.वाय.टी.', त्यात जेम्स इन्ग्रमबरोबर क्विन्सीचं नाव आहे. म्हणजे नवातलं अर्धं गाणं! निर्माता म्हणून मात्र कुठलं गाणं ठेवायचं, कुठे कोण वाजवणार, हे त्याच्याकडे होतं. 'बीट इट'मधल्या गिटारसाठी एडी व्हॅन हेलनला त्यानंच बोलावलं. तोही चुकायचा: 'बिली जीन'ची लांबलचक सुरुवात त्याला कापायची होती, मायकलनं कापू दिली नाही.

राहिला 'साधा अरेंजर'. मला खटकतो तो हाच शब्द. शंकर-जयकिशनच्या गाण्यांतून त्यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसूझांची व्हायोलिनं काढून घेतली तर काय उरेल, हे आपल्याकडच्या जाणत्यांना सांगायला नको. तरी 'अरेंजर' म्हटलं की आपल्याला खुर्च्या मांडणारा माणूस दिसतो.

'फ्लाय मी टु द मून' बार्ट हॉवर्डनं १९५४मध्ये लिहिलं तेव्हा त्याचा ठेका तीन मात्रांचा, झुलता होता. दहा वर्षांनी सिनात्रा आणि काउंट बेसीच्या बँडसाठी क्विन्सीनं ते चार मात्रांच्या स्विंगमध्ये बसवलं. शब्द तेच, चाल तीच, पण पाळण्यातलं गाणं उठून रस्त्यानं चालायला लागलं. ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा, एवढा मोठा ताफा हाताशी असून सुरुवातीला त्यानं तो दाबून धरलाय. ताल हलका, गळा मोकळा, आणि ब्रास अंगावर येतो तो मागाहून. त्याआधी आणि त्यानंतर ते गाणं कितीतरी जणांनी गायलं, पण लोक गुणगुणतात ते याच ठेक्याच्या वजनात. गाणं हॉवर्डचं, आवाज सिनात्राचा, चाल बदलली नाही. मग यानं केलं काय, असं कुणी विचारलं तर त्याला ही रेकॉर्ड लावून द्या आणि बोटांवर तीन-तीन मात्रा मोजायला सांगा. दुसरी ओळ यायच्या आत चुकेल.